नारिंगी जाकीट

बँकॉकमधल्या त्या गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं सवारी नेणाऱ्या मोटरसायकलवाल्यांची रांग लागते. तिथं नारिंगी जाकिटाशिवाय कुणी सवारी उचलायची नाही, हा नियम त्यांच्यातल्याच बुनलूनं भांडून करून घेतला होता. बाहेरची पोरं घुसायला लागली तेव्हा तोच आडवा आला. एकाच्या गाडीची किल्ली काढून त्यानं गटारात फेकली. जाकीट अंगावर असेल तर रांगेत जागा. नसेल तर तुम्ही कोण?

आणि तेच जाकीट त्यानं विकलं.

सल्ला भाचीचा. अरुनी बँकेत कामाला, मामावर जीव तिचा. उन्हात बसून बसून मामाचे पाय सुजतात हे तिला बघवेना. आता सवाऱ्या फोनवरच्या ॲपवर मिळतात, म्हणाली. जाकिटाला भाव आहे तोवर विका, नवी गाडी घ्या. "कुणाच्या रांगेत बसायचं नाही मामा. तुम्हीच तुमचे मालक." या वाक्याला शहाणीसुरती माणसं भुललीत, बुनलूचं काय घेऊन बसलात.

मग फोन या मालकाला शहरभर पिटाळू लागला. गिऱ्हाइकानं एक तारा कमी दिला की कामं आटायची. भाताचा घास उचलला की फोन किणकिणायचा. अरुनीनं विचारलं तर "बरं चाललंय" म्हणायचा; पोरीचं मन कशाला मोडा. पण त्याला गल्लीतली आपली जागा परत हवी होती, आणि जाकिटं मोजकीच, सोडायला कुणी तयार नाही. रिकामा असला की तो गल्लीवरून चक्कर मारायचा. थांबायचा नाही.

एकदा थांबला. तळलेली केळी विकणारी मालीमावशी पिशव्या घेऊन उभी होती आणि रांगेत एकही गाडी नव्हती. ती न विचारता मागं बसली. "चल. कुठं उलथला होतास इतके दिवस?"

तेवढ्यात वित आला. जाकीट त्यानंच विकत घेतलेलं; पाठीवर बुनलूचा जुना नंबर. त्यानं गाडी आडवी घातली.

"दादा, उतरवा त्यांना."

"एवढी एकच सवारी, वित."

"नियम तुमचाच आहे. किल्लीची गोष्ट मला इथं पहिल्याच दिवशी सांगितली सगळ्यांनी."

"मी काय केळीची टोपली आहे, उतरवायला-चढवायला?" मावशी कुरकुरली, पण उतरली.

बुनलूनं तिच्या पिशव्या स्वतः वितच्या गाडीला अडकवल्या. आतल्या वळणावर खड्डा आहे, हे सांगायला तोंड उघडलं तोच फोन किणकिणला. नदीपलीकडचं काम. त्यानं ते घेतलं, गाडी काढली, आणि पुलाकडं न वळता गल्लीवरून आणखी एक चक्कर मारली.