साडेपाच तास

लातूरला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना कॉम्प्युटर व्हायरसनं पार दमला होता. मी नांदेडला कॉलेजात शिकवतो, त्यामुळं घरातल्या कुठल्याही यंत्रावर आपला हक्क आहे असा माझा समज. विंडोज काढलं, लिनक्स घातलं. नको तिथं शहाणपणा करायची मला लहानपणापासूनच हौस.

अण्णांची अट एकच होती, पत्रिकेचा प्रोग्राम चालला पाहिजे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते लोकांना फुकट पत्रिका करून देत. तो प्रोग्राम विंडोजचा. लिनक्सवर असले प्रोग्राम चालवायची एक सोय असते, तिचं नाव वाइन. अण्णा माळकरी, म्हणून नाव सांगितलं नाही. प्रोग्राम उघडला तशी माझी कॉलर ताठ झाली. फक्त घड्याळ साडेपाच तास मागं दिसत होतं. ते इंग्लंडची वेळ दाखवत होतं; खरं तर देशांच्या यादीतून भारत निवडायचा होता. पण बस गाठायची होती, म्हणून नुसती वेळ पुढं सरकवून मी मोकळा झालो.

"चालायलंय की!" अण्णा खूश.

काही महिन्यांनी उदगीरच्या आत्याच्या मुलीला स्थळ आलं. ती शाळेत शिक्षिका, मुलगाही तिथंच शिक्षक, दोघांचं आधीच जमलेलं. पण दोन्ही घरांत पत्रिकेशिवाय पान हलत नाही. तिची पत्रिका आजवर कुणी केलीच नव्हती, ती अण्णांनी केली. कडक मंगळ निघाला. सख्ख्या बहिणीला त्यांनी स्पष्ट 'नाही' म्हणून सांगितलं.

मुलीचा मला फोन आला. "दादा, तू तर हे मानत न्हाईस. मामाला जरा सांग की."

"बघतो," म्हणालो. बघितलं नाही. मुलाचं लग्न दुसरीकडं झालं.

दिवाळीत गंमत म्हणून मी माझीच पत्रिका काढली. माझं सिंह लग्न, हे पाळण्यापासून ऐकत आलोय. इथं वृश्चिक. हसणार होतो, तेवढ्यात ते घड्याळ आठवलं. प्रोग्राम देश कॉम्प्युटरला विचारत होता, आणि आपण भारतात आहोत हे कॉम्प्युटरला मी सांगितलंच नव्हतं. त्यामुळं प्रत्येक जन्मवेळ इंग्लंडची धरली जाऊन साडेपाच तासांनी चुकत होती. भारत निवडला आणि तिची पत्रिका पुन्हा उघडली. मंगळ नव्हता. ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही, तिच्यापायी मला घाम फुटला. लाज वाटली, पण सांगायची हिंमत झाली नाही.

संक्रांतीला मी लातूरलाच होतो. आत्यानं दुसऱ्या स्थळासाठी पुन्हा पत्रिका मागितली. अण्णांनी कागद छापला, चष्मा पुसला, जुना कागद काढून शेजारी ठेवला. एकात मंगळ होता, दुसऱ्यात नव्हता. मग आत्याला फोन लावला.

"बाई, माझी चूक झाली. कुठं चुकलो ते बी कळंना. डोळं काम करीनात आता. पोरीचं वाटोळं केलं मी माझ्या हातानं."

फोन ठेवून माझ्याकडं वळले. "आता कुणाची पत्रिका करायची न्हाई. तेवढा तो प्रोग्राम काढून टाक."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, "असू द्या अण्णा, होतं एखाद्या वेळी."

मी प्रोग्राम काढत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू रागावला न्हाईस, लई बरं वाटलं."