भाताच्या भावकीतल्या जगदाळे मॅडम

"मार्क राहू दे. मावश्या किती, ते सांग."

उमरग्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी जगदाळे मॅडमनी मला हे विचारलं. मी नळदुर्गहून एसटीत उभी राहून आलेली, घामाघूम. वाटलं, ही बाई स्थळ बघतेय की काय! पण भावकी लावणं हा त्यांचा नादच होता, आणि तीही माणसांपेक्षा भाताच्या जनुकांची जास्त. कोणतं जनुक कुणाची सख्खी बहीण, कोण चुलत, कोणती शाखा आधी फुटली, हे त्या कॉम्प्युटरवर डीएनएच्या अक्षरांच्या लांबलचक ओळी जुळवून काढायच्या.

स्टाफरूममध्ये टिंगल व्हायची. "मॅडम, ज्वारीच्या मुलखात भात कशाला?"

"भाताची सगळी माहिती जगानं फुकट उघडी ठेवलीय, सर. आन् ज्वारी त्याच्याच गोतातली. तुमची भाकरी बी कळंल हळूहळू."

आम्हाला मात्र एकच ताकीद रोज. "बाईचं माहेरचं नाव शेवंता, सासरचं लक्ष्मी. म्हणून दोन बाया होत्यात व्हय? नाव बघू नका, घर बघा." घर म्हणजे गुणसूत्रावरची जागा. एकच जनुक कधी कधी दोन तऱ्हेची प्रथिनं बनवतं आणि ती यादीत दोन नावांनी येतात, म्हणून हा इशारा.

आणि नेमक्या तिथंच मॅडम फसल्या. बावन्नाव्या वर्षी त्यांची पीएचडी होत आली होती. सहा वर्षांचं काम. भाताची दोन जनुकं अगदी अलीकडे एकातून फुटली, हा त्यातला मुख्य शोध. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. शनिवारी दुपारी मी तक्ते तपासत बसले, तर दोन्हींचा पत्ता एकच! तीनदा तपासलं, मग सांगितलंच.

मॅडमनी दोन्ही पत्ते स्वतः ताडून बघितले. मग कपाळावर हात मारला. "आगं बया! शेवंता आन् लक्ष्मी म्याच दोन पाटांवर जेवायला बसवल्या की!"

मला रडूच फुटलं. "तू का रडतीस? शोध माझा गेलाय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, कुणाला कळणार नाही," मी चाचरत म्हटलं.

"तुला कळलं न्हवं?"

सोमवारी प्रबंध गेला नाही. विभागाच्या बैठकीत त्यांनी मलाच उभं केलं. "तूच सांग. म्या सांगितलं तर मॅडम चुकल्या म्हणत्याल. तू सांगितलंस तर पोरीनं धरलं म्हणत्याल." पदवी त्यांना पुढं दोन वर्षांनी मिळाली, मोठा शोध वजा होऊन.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. फार आठवण येते. आता त्यांच्या टेबलाशी मी बसते. समोरच्या भिंतीवर तो चुकीचा तक्ता आहे, त्यांनीच चौकट करून लावलेला. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "ही चूक स्वातीनं धरली."

नवी मुलं विचारतात, "मॅडम, ही स्वाती म्हणजे तुम्हीच ना?"

"ते नंतर," मी म्हणते. "आधी चूक कुणाची होती, ते ऐका."