सदतीसने भागायचं होतं

खात्यात तिला सगळे सदतीसबाई म्हणत. रुग्णालयाच्या तळघरात किरणोत्सारी औषधं मोजून द्यायची, हे तिचं काम. मोजायचं यंत्र जुनं, ते आकडा दाखवायचं मिलिक्युरीत; नवे डॉक्टर चिठ्ठी लिहायचे मेगाबेकरेलमध्ये. एका मिलिक्युरीचे सदतीस मेगाबेकरेल. दिवसभर सदतीसने भागून भागून तिची अशी गत झाली होती, की भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी ओठ हलायला लागायचे. "झोपेतही भागाकार चालू असतो हिचा," असं नवरा म्हणे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

एवढं असूनही स्वतःवर तिचा काडीचा भरवसा नव्हता, आणि हाच तिचा मोठा गुण. औषध काढलं की जोडीदारीण पाठीशी उभी राहून उलटा हिशोब मोठ्यानं म्हणायची: यंत्रावरचा आकडा गुणिले सदतीस. उत्तर चिठ्ठीशी जुळलं तरच बाटली बाहेर जायची.

त्या सकाळी बाकावर नेमकी तिची थोरली जाऊ बसलेली. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चेकाळलेली, त्यानं हात थरथरत होते. सासूला शेवटच्या आजारात कुणी सांभाळायचं यावरून दोघींचं असं वाजलं होतं की बोलणंच बंद. आणि जोडीदारीण म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. घरची धुणी इथे कशाला, म्हणून बाईंनी तिला काहीतरी निमित्त काढून वर पिटाळलं. अब्रू सांभाळायला गेली बिचारी, आणि उलटा हिशोब राहून गेला.

चिठ्ठीवर तीनशे सत्तर मेगाबेकरेल होते. म्हणजे सरळ दहा मिलिक्युरी, तिच्या डाव्या हातचा मळ. पण काचेपलीकडून जाऊ टक लावून बघत होती, आणि हिच्या डोक्यात सदतीस ठाण मांडून बसलेले. यंत्रावर सदतीस दिसेपर्यंत ती औषध काढत राहिली. जावेनं ते नळीनं मुकाट पिऊन टाकलं. आता अंगातून किरण निघतील, कुणाला जवळ येऊ देऊ नका, एवढं नेमाचं वाक्य तेवढं ती बोलली.

पुढच्या माणसाला औषध पुरेना, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. तशीच धावत ती डॉक्टरांकडे गेली. जिवाला धोका नाही, पण ग्रंथी काही वाचत नाही, असं ते म्हणाले. "मी सांगतो त्यांना."

"नको, मीच सांगते."

घरचे काय म्हणणार हे तिला लख्ख दिसत होतं. डाव साधला म्हणतील.

जाऊ आतल्या खोलीत, शिशाच्या पडद्याआड एकटीच बसली होती.

"वहिनी, माझ्या हातून चूक झाली. दहाच्या जागी सदतीस गेलं. तुमची ग्रंथी आता कायमची बंद पडेल. गोळी घ्यावी लागेल."

"किती दिवस?"

"जन्मभर. रोज सकाळी, उठल्या उठल्या."

जावेनं विचारलं, "मुद्दाम दिलंस?"

"नाही हो, वहिनी! शपथ घेऊन सांगते." हात धरायला ती पुढे झाली.

"लांब राहा. मघाशी तूच सांगितलंस, कुणाला जवळ येऊ देऊ नका म्हणून."

ती होती तिथेच थांबली. जाऊ भिंतीकडे बघत होती.

"आज ठेवते तुझ्यावर विश्वास," जाऊ म्हणाली. "पण रोज सकाळी ठेवता येईल का, ते नाही मला सांगता येत."