डेड स्टॉकमधली छाया

नाशिक रोडच्या एका शाळेत छाया प्रयोगशाळेची शिपाई. काम काय, तर बारा जुने संगणक पुसायचे नि कुलूप लावायचं. यंदा मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, "दसऱ्याच्या पाटीपूजनापर्यंत यांच्यावर इंटरनेट चालू झालं तर ठीक, नाहीतर भंगारवाला येईल." हेडक्लार्क हसला, "छायाबाई आणि संगणक, दोघांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरातच, मोडक्या बाकांशेजारी!"

झोंबलं हो! नि झोंबल्यावर छाया काही गप्प बसणारी नव्हे.

तिनं दुरुस्तीवाल्याला विचारलं, इंटरनेट का लागत नाही ते शोधायला संगणकांतली ही सिस्टीम आतून कशी लिहिलीय तो कोड बघायला मिळेल का? तो म्हणाला, "बाई, तो कंपनीचा. एकट्यादुकट्याला कोण देतंय? अन् घेऊन काय पापड लाटणार?"

बरं! मग तिनं अशी सिस्टीम शोधली, जिचा कोड कुणालाही फुकट मिळतो. संगणकांवर ती चढवली, पण इंटरनेट काही लागेना. मोबाइलच्या रोजच्या डेटात तीन दिवस तिचा कोड उतरवून घेतला. इंग्रजी बेताचंच, पण हट्ट दांडगा. मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून वाचत बसायची. महिन्याभरानं सापडलं. इंटरनेट जोडणारी कोणकोणती नेटवर्क कार्डं चालतील त्यांची यादी कोडमध्ये होती, आणि शाळेच्या कार्डाचा नंबर तीत नव्हता. बाराही संगणकांत कार्ड तेच. पहिल्या संगणकातल्या कार्डावरून तिनं नंबर उतरवला, यादीत एक ओळ वाढवली, सिस्टीम पुन्हा चढवली. चालेना. पुन्हा केलं. ढिम्म! रडू आलं तिला, पण उठली नाही.

खंडेनवमी उजाडली. उद्या दसरा. आतल्या यंत्रालाही मान हवा म्हणून ती दरवर्षी झाकण उघडून कार्डालाच कुंकू लावायची. आजही सवयीनं बोट पुढं केलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! जुन्या कुंकवाच्या डागानं नंबरातल्या इंग्रजी तिनाचा आठ झाला होता. नखानं डाग खरवडला, ओळीतला आकडा बदलला. संध्याकाळपर्यंत बाराही संगणकांवर इंटरनेट सुरू!

दसऱ्याला भंगारवाला फाटकावरूनच परतला. मुख्याध्यापक चकित. "कुठल्या कंपनीचा माणूस आणलात, छायाबाई?"

छायानं कुंकवाचं ताट उचललं. कार्डांना हात न लावता वरच्या झाकणांना बोट लावत ती हेडक्लार्ककडं बघून म्हणाली, "कंपनीचा नाही सर. डेड स्टॉकमधलीच बाई होती."