मुरलीधर आणि लोण्याची खिंड

मुरलीधर आठल्ये कुठे सरळ रस्त्याने गेला, असं चाळीस वर्षांत मी पाहिलं नाही. लीड्सहून एडिनबराला लग्नाला जायचं असलं तरी हा वाट वाकडी करून एखादी खिंड शोधायचा. मला उंचीचा तिटकारा. तरी गाडी चालवायला दर वेळी मीच. मैत्री म्हणजे दुसरं काय असतं, निव्वळ गाढवपणा.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्याने पस्तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. रिटायर झाला आणि त्याच्याच रक्ताने त्याला धरलं. हृदयाचे ठोके चुकायला लागले. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरने एकच पथ्य सांगितलं: पडायचं नाही. पडलात तर रक्त सहजी थांबायचं नाही. यावर या शहाण्याने काय करावं? इलेक्ट्रिक सायकल घेतली.

"नंद्या, पडायचं नाही म्हणालेत. चढायचं नाही असं कुठे म्हणालेत?"

घाट त्याच्या घरातच होता. वडील एसटीत ड्रायव्हर, वाईहून रोज पसरणीचा घाट चढायचे. सकाळी दारातून "येतो" म्हणून निघायचे आणि ते परत येईपर्यंत आईच्या घशाखाली धड घास उतरायचा नाही. 'जातो' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारायचा नाही. मुरलीधरनेही जन्मात उच्चारला नाही. इथे नोकरीला लागला त्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी कोट चढवून गोऱ्या साहेबाला म्हणाला, "ओके सर, आय ॲम कमिंग." साहेब बिचारा दाराकडे बघत बसला. हा किस्सा आम्ही चाळीस वर्षं सांगत आलो आणि दर वेळी हसलो. आता सांगत नाही.

आमची पद्धत ठरलेली होती. मी खिंडीच्या पायथ्याशी एखाद्या टीरूममध्ये बसायचं. तो सायकलवर एकटा चढायचा आणि माथ्यावरून मला फोन करायचा. हवा बिघडली तर म्हणायचा, "मागे फिरतोय." बेत ठरल्याप्रमाणे असला तर म्हणायचा, "येतो." म्हणजे पलीकडे उतरतोय. मग मी लगेच गाडी काढायची, जीव मुठीत धरून खिंड ओलांडायची आणि त्याच्या मागोमाग उतरून पलीकडच्या गावात त्याला गाठायचं. वाटेत पडला-झडला तर मी मागून येतोच आहे, एवढाच त्या पद्धतीचा अर्थ.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याने हॉज गावाच्या डोक्यावरची बटरटब्ज खिंड काढली. तिथे रस्त्याला लागून चुनखडीत खोल खड्डे आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी पूर्वी दमले की त्यांत लोणी उतरवून ठेवायचे, असं म्हणतात. मुरलीधराला लोण्याचा वास लागल्यावर कोण अडवणार! या वेळी त्याची नात दियाही बरोबर आली होती. एकोणीस वर्षांची, लीड्सलाच युनिव्हर्सिटीत शिकणारी. तिचा बाप, मुरलीधरचा मुलगा गंधार, घरात मराठी कधी बोललाच नाही. उन्हाळ्यापासून ही पोर दर रविवारी आजोबांकडे येऊन मराठी शिकत होती. हिरव्या वहीत एकीकडे मराठी क्रियापद, समोर इंग्रजी अर्थ. मुरलीधर त्या वहीवर इतका खूश होता की मला चीड यायची.

त्या दिवशी मला सकाळपासूनच बरं वाटत नव्हतं. मुरलीधरच्या हनुवटीवर कापूस चिकटवलेला होता. दाढी करताना जरासं कापलं होतं, ते लीड्सपासून हॉजपर्यंत पाझरत राहिलं. मी दोनदा कापूस बदलायला लावला. टीरूमसमोरून एक शेतकरी मेंढ्या खाली हाकत होता. सायकल बघून तो थांबला आणि म्हणाला, आज ढग डोंगरावर बसणार, मीसुद्धा माझी जनावरं उतरवतोय. मुरलीधरने त्याचे आभार मानले आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

"मुरल्या, आज नको. माझं ऐक," मी म्हणालो.

"तू चहा पी. दिया, यांच्याकडे लक्ष ठेव गं."

एवढं बोलून तो चढाला लागला. दुसऱ्या वळणावर त्याचं पिवळं जाकीट ढगात शिरलं आणि पुन्हा दिसलं नाही.

पाऊण तास झाला. आमच्या पार्किंगची वेळ संपत आली होती, म्हणून चार्जिंगला लावलेला फोन टेबलावर दियाजवळ तसाच ठेवून मी गाडी हलवायला गेलो. सात-आठ मिनिटं लागली असतील. परत आलो तर पोरगी खुर्चीत उभी राहायच्या बेतात होती.

"नंदूआजोबा, आजोबाचा फोन आली होती! पूर्ण मराठीत बोलले आणि मला सगळा कळला. ते परत येतोय. कमिंग बॅक."

"शेवटी एकदा अक्कल आली म्हाताऱ्याला," मी म्हणालो. खरं सांगतो, इतका आनंद झाला की मी आणखी एक चहा आणि दोघांना स्कोन मागवले.

उतरायला वीस मिनिटं पुरली असती. चाळीस झाली. मी फोन लावला, लागला नाही. तासाने आम्ही गाडी काढली. ढग रस्त्यावर उतरला होता, बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. दिया डावीकडे, मी उजवीकडे, काचा खाली करून हाका मारत आम्ही माथ्यापर्यंत गेलो. कुणी नाही. माणूस मागे फिरलाय म्हटल्यावर तो याच बाजूला असणार. तिथूनच गाडी वळवली आणि तोच रस्ता, तीच गटारं, पुन्हा बघत खाली आलो. मग पोलिसांना फोन केला. कोणत्या बाजूला, त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे म्हणालो, हॉजच्या बाजूला.

रेस्क्यूवाले आले. चांगली माणसं, त्यांनी मी दाखवलेला डोंगर पायाखाली घातला. अंधारून येत होतं. दियाला थंडी वाजत होती म्हणून तिला गाडीत बसवलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आजोबा नेमकं काय म्हणाले गं?"

तिने वही काढली. ऐकल्या ऐकल्या तिने ते लिहून ठेवलं होतं.

"बाळा, ढग आहे, पण ठीक आहे. नंद्याला सांग, येतो मी."

समोर नीटस अक्षरात इंग्रजी अर्थ होता, मी परत येत आहे.

दार उघडून मी रेस्क्यूवाल्यांकडे धावलो आणि पलीकडे, पलीकडे, असं ओरडलो. अर्ध्या तासात तो सापडला. खड्डे ओलांडल्यावर उताराचं पहिलं वळण, त्याच्या खाली. मी गाडी वळवली तिथून मैलभरसुद्धा नाही. मांडीला सायकलचं काहीतरी लागलं होतं. जखम मोठी नव्हती. धडधाकट माणूस यातून उठून बसला असता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. आणखी एक गोष्ट म्हणाले. तो पडल्यावर दोन तास तरी जिवंत असावा.

पोलिसांना मी सांगितलं, फोन मीच घेतला आणि मीच चुकीचं ऐकलं. गंधारलाही तेच सांगितलं. तो मला खूप बोलला, मी ऐकून घेतलं. दिया काही बोलायला गेली तेव्हा तिला बाजूला नेऊन म्हणालो, "आजोबांनी मधेच बेत बदलला असणार. तुझं काही चुकलं नाही. यावर पुन्हा बोलायचं नाही." तिने मान हलवली. माझ्या बायकोला, सुलक्षणालासुद्धा, मी खरं सांगितलं नाही. इथेच माझं चुकलं.

तेरावं झाल्यावर दिया आमच्याकडे आली. आजोबांच्या फडताळात आमचा डबा सापडला होता, तो द्यायला. रिकामा डबा देऊ नये हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे, आत चार बिस्किटं घालून आणली होती. सुलक्षणाने तिला जवळ घेतलं, बळेच पोहे खायला लावले. पोरगी थोडी हसलीसुद्धा. मी मनात म्हटलं, निभावलं.

ती दारात बूट घालत होती.

"आजी, मी जाते," ती म्हणाली.

"अगं, जाते म्हणू नये," सुलक्षणाने तिच्या केसांवरून हात फिरवला. "येते म्हणावं."

"पण मी तर जातेय ना?"

"हो गं. आपल्यात निघताना येते असंच म्हणतात. तुझे आजोबा नाही का, कुठूनही निघाले की 'येतो' म्हणायचे?"

मी सुलक्षणाला हाक मारली, पण उशीर झाला होता. दियाचा एक बूट पायात होता, दुसरा हातात. हातातला तिने खाली ठेवला. मग मान वर करून तिने सुलक्षणाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नंदूआजोबा, तुम्हाला माहीत होता?"

"काय झालं?" सुलक्षणा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत विचारत होती.

मी हो म्हणालो.