बास्सूचा देवदार आणि मेंढीचं औषध

बास्सूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मजुरी सहापासून, आधीचे दोन तास पदरचे. खेचरावर वीस लिटरचे चार डबे लादायचे, झऱ्यापासून चढ चढायचा आणि दारासमोरच्या देवदाराच्या मुळाशी ओतायचे. अ‍ॅटलास पर्वताच्या त्या उतारावर तीन हिवाळे धड बर्फ पडलं नव्हतं.

वनरक्षक हद्दूने खोडावर खडूने खूण केली होती. पंधरा दिवसांनी तपासणी. किड्याने पाडलेल्या भोकांतून राळ वाहिली तर झाड राहणार, नुसता भुसा गळला तर कुऱ्हाड. झाड गेलं की तौदाची सावली गेली. बास्सूची बायको उन्हाळाभर त्याच झाडाखाली माग लावून घोंगड्या विणायची.

बास्सूचं काम किडकी झाडं सोलायचं. पाडलेल्या खोडाची साल काढायची, आतल्या अळ्यांसकट जाळायची. दिवसाला दोन खोडं. तिसरं केलं म्हणणारा निम्मी साल मागे ठेवून येतो. तीनशे खोडं सोलली, कधी हळहळला नाही.

"देवदाराला किडा?" तौदाला पटेना. "लोकरीला कसर लागू नये म्हणून मी याचाच भुसा पेटीत घालते."

"अंगात ओल असली तर झाड राळ सोडून किड्याला भोकातच बुडवतं. हा तहानलेला. कोरड्या तोंडाने थुंकणार कसा? मग आत शिरलेला किडा वास सोडून सगळे भाऊबंद बोलावतो."

"पाज मग. चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक डबा आणला नाहीस."

चौदाव्या दिवशीही भुसाच. तेव्हा बास्सूने मेंढ्यांच्या खरजेवर लावायचं काळं, घट्ट तेल काढलं. तेही देवदाराचंच. शिडीवर उभं राहून छप्पन्न भोकं बोटाने लिंपली. एक सोडलं नाही.

हद्दू आला, खोडाला नाक लावलं.

"काका, राळ पिवळसर असते. आणि तिला मेंढीचा वास येत नाही."

"झाडाला खरूज झाली होती," तौदा म्हणाली.

"मावशी, यांनी किड्यांचं घर लिंपून दिलंय!" हद्दूने सालीचा तुकडा उचकटला. आत बोगदेच बोगदे, पांढऱ्या अळ्या. "ओळखायचं कसं, हे मला तुम्हीच शिकवलंत ना, काका?"

"शिकवलं. तेच चुकलं."

"यांचे किडे होऊन उडाले तर अख्खा उतार जाईल. आणि एवढ्या धुडाला चार डबे म्हणजे चहाचा एक पेला."

"तो पेला एकदा चढावर आणून दाखव!" बास्सू भडकला. मग त्यानेच खोडाला लावलेली शिडी काढून घेतली.

झाड पडलं. सोलायला त्याने दुसऱ्याला हात लावू दिला नाही. धूड मोठं, तीन दिवस लागले. एक अळी सुटली नाही. त्या तीन दिवसांच्या मजुरीत त्याने आठवडी बाजारातून निळी ताडपत्री आणली आणि चार खांब रोवून तौदाच्या मागावर ताणली.

तौदाने वर पाहिलं.

"हिला पहाटे पाणी घालावं लागत नाही ना?"