सरांनी न फोडलेला शब्द

नवा शब्द वर्गात आला की पायरो सर त्याला आधी दारातच उभा करायचे. "कोणाचा रे तू? गाव कोणतं? सोयरे कोण?" एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आमच्याकडे विचारतात, अगदी तसं. मग खडूने शब्दाचे दोन तुकडे करून मूळ गाव सांगायचे. पायरोमीटर, पायराईट, पायरोलिसिस, अँटिपायरेटिक ही त्यांच्या लेखी एकाच घरची माणसं. 'पायर' म्हणजे ग्रीक भाषेत विस्तव. "आडनाव एक, धंदे निराळे," ते म्हणत. पायरोमीटर भट्टीची धग मोजतो, पायराईटच्या दगडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते, आणि अँटिपायरेटिक हा घरभेद्या, तो ताप उतरवतो. हे घराणं त्यांचं इतकं लाडकं, की त्यांचं खरं आडनाव कॉलेजात कुणी घेतच नसे.

सरांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शन झाली आणि थोड्याच वर्षांत वर्गातली भाषा बदलली. सरांना येत होतं ते सगळं सायन्स बरोबरच होतं, फक्त ते सांगायचे शब्द रद्द झाले. पायरोमीटरला ते तोवर 'आतिश-पैमा' म्हणत आले होते. त्यांच्या बरोबरीच्या काहींनी मास्तरकी सोडून कारकुनी धरली. सरांनी इंग्रजी शब्दांची मुळं धरली. जड गेलं का, असं मी एकदा विचारलं होतं. "बिलकूल नाही. आग उर्दूतही चटका देती अन् इंग्रजीतही," एवढंच म्हणाले. चेहऱ्यावर काही नाही. तो चेहरा बघून माणूस खूश आहे की त्याचं पोट दुखतंय, हे भल्याभल्यांना कळलेलं नाही.

मी फर्दापूरजवळच्या खेड्यातून आलेली, मराठीतून शिकलेली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं, पी.यू.सी.चं, इंग्रजी पुस्तक उघडलं की हातपाय गार पडायचे. सरांची मुलगी नलू माझ्याच वर्गात होती, म्हणून संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मी अभ्यासाला जाऊन बसे. तिथेही शब्दांची चिरफाड चालूच. "अहो, पोरींना आधी जेवू द्या, मग न्या त्या ग्रीकांच्या घरी," काकू ओरडायच्या. आणि भाकरी वाढता वाढता स्वतःच विचारायच्या, "पण त्याचा अर्थ काय झाला हो?" अर्थ विचारणाऱ्याला सरांनी कधी परत पाठवलं नाही. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी 'थर्मामीटर' फोडून दाखवला होता, आणि तो बिचारा बाकीची घरं सोडून ऐकत उभा राहिला होता.

एकदा मी ऐटीत सांगितलं, की हिरड्यांचा पायरिया पण याच घरातला, कारण हिरड्या जळजळतात. सर शांतपणे म्हणाले, "नाही. तो नुसत्या सारख्या नावावर पंगतीत घुसलेला आहे. त्याचं मूळ पू." नलू ताक पीत होती. तिला इतकं हसू आलं की ताक नाकातून बाहेर आलं. तिचं हसू तसलंच होतं, आवरता न येणारं. मला ती फार आवडायची.

मी पुढे डॉक्टरकीला गेले, नलूचं लग्न झालं. मी इंटर्न होते त्या वर्षी ती ताप घेऊन माहेरी आली. उतरायचा, परत चढायचा. शेवटी तिला आमच्याच वॉर्डात आणलं. काकू उशाशी बसत, सर पायथ्याशी उभे राहत. एका सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड झाला. त्यांनी तपासण्यांचे कागद पाहिले, आम्हाला म्हणाले, "पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"काय म्हणले हो?" काकूंनी विचारलं.

"पायरेक्सिया."

"म्हंजे तुमच्यातलाच की तो!" काकूंचा चेहरा एकदम उजळला. "नाव सापडलं. आता औषध सापडंलच, व्हय ना हो?"

मी सरांकडे पाहिलं. ताप, मूळ, ठाऊक नाही. तीन तुकडे तर होते. पहिल्या बाकावरच्या पोरीलाही फोडता आला असता. सरांनी नलूच्या पायांवरची चादर सारखी केली. "हो," ते म्हणाले. "ओळखीचा आहे."

काकूंनी त्याच दिवशी देवीला नारळ फोडला. खोबऱ्याचा प्रसाद सगळ्या वॉर्डात वाटला, सिस्टरांनाही दिला.

व्हरांड्यात मी सरांना गाठलं. म्हटलं, काकूंना खरं सांगायला हवं, की हे रोगाचं नाव नव्हे. ते खाली अंगणाकडे बघत होते. "सुमन, तो शब्द फोडला तर तिच्या हातात दुसरं काय देऊ? तुझ्याकडं आहे का काही?"

नव्हतं.

"मग राहू दे त्याला अख्खाच."

त्यानंतर रोज आत जाण्याआधी ते मला एकटीला विचारत, "मूळ लागलं?" मी नाही म्हणे. ते मान हलवत आणि आत जात.

मूळ लागलं नाही. नलू एका दुपारी गेली. मी तिथेच होते. मला आठवतं ते एवढंच, की मी चादरीची घडी केली आणि ती नीट आली नाही म्हणून परत केली. मग चहा प्यायले. चहात साखर कमी होती. रडू आता येईल, मग येईल, असं वाटत राहिलं, आणि आत नुसतं बधिर होतं. ते तसंच राहिलं.

भेटायला येणाऱ्यांची औरंगपुऱ्यात रीघ लागली. मी काकूंच्या शेजारी बसून असे. काकू प्रत्येकाला सांगत, "पायरेक्सिया झाला होता. डाक्टरांनी बरोब्बर ओळखलं होतं, आपलंच नशीब खोटं." तो शब्द त्या स्वच्छ उच्चारत. जालन्याचे एक दूरचे मामा होते, त्यांनी विचारलं, "म्हंजे काय असतं ते?"

"ह्यांना विचारा. ह्यांच्याच विषयातलं हाय."

सगळे सरांकडे बघू लागले. सर सतरंजीकडे बघत होते. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दुःखानं विसरले बघा," त्या मामांना म्हणाल्या, आणि स्वतःच सांगू लागल्या, "मोठा ताप असतो तो. डाक्टरांच्या चांगल्या ओळखीचा."

सर ऐकत बसले.